निरागस उपहास आणि आपला जलसा

मागच्या हिवाळ्यात वस्तीतली तीन पोरं माझ्या खोलीवर आली. तिघंही कॉलेजात शिकणारी. म्हणाली, भाऊ, गॅदरिंगला स्किट बसवायचंय, तू कविता करतो, तूच लिहून दे. मी म्हटलं, मी बारावीत गटांगळी खाल्लेला माणूस, सूतगिरणीत रिंगखात्यात बॉबिना उतरवतो, मला तुमचं स्किट काय कळणार? तर त्यातला एक म्हणाला, कळत नाही म्हणूनच लिही. कळणाऱ्यांचं आम्ही तीन वर्षं पाहतोय.

हे वाक्य डोक्यात अडकलं. लिहिण्याआधी पाहून तरी यावं म्हणून मी पाळ्या बदलून घेतल्या आणि जळगाव-धुळ्याकडची चार-पाच गॅदरिंगं पाहिली. युवक महोत्सवातलं जेवढं बाहेरच्या माणसाला पाहता येतं तेवढं पाहिलं. पुण्याला मामेभावाकडे मुक्काम टाकून फिरोदिया करंडकाचे काही प्रयोगही पाहिले. रुईची धूळ झटकून पुढच्या खुर्चीत बसलो की शेजारचा जरा सरकून बसतो. त्याचा एक फायदा असतो, पाय लांब करता येतात.

आपल्यापैकी निम्मे लोक कॉलेजच्या फाटकाबाहेरचे आहेत, म्हणून ही चीज काय आहे ते आधी सांगतो. पोरं स्वतः लिहितात, स्वतः चाली लावतात, स्वतः नाचतात. वर्षभरात जे घडलं त्याची, प्राध्यापकाची, मंत्र्याची, एकमेकांची टर उडवतात. दरसाल नवी पोरं आणि दरसाल नवा खेळ, पण परंपरा एकच. साहेबाच्या देशात हे जुनं आहे. हार्वर्डच्या पोरांचा असा खेळ १८४४ पासून चालू आहे, केंब्रिजचं फूटलाइट्स मंडळ १८८३ चं, प्रिन्स्टनचं ट्रँगल क्लब १८९१ चं. फूटलाइट्समधून पुढं इंग्लंडला हसवणारे नटांचे तांडे निघाले. म्हणजे ज्यांच्या बापांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची पोरं कॉलेजात बापाची नक्कल करायला शिकत होती. नक्कल करून झाली की बापाच्याच खुर्चीत जाऊन बसत होती. खुर्चीला त्या हसण्यानं एक ओरखडासुद्धा पडला नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या देशात सरकारनं १९५४ ला दिल्लीत तालकटोरा बागेत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरवला. तिथून ही गोष्ट विद्यापीठाविद्यापीठात पसरली. खान्देशातली कॉलेजं तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं, आणि त्याच्या महोत्सवाला युवारंग म्हणतात. त्यात समूहगीत, लोकनृत्य, मूकनाट्य, विडंबननाट्य असं सगळं असतं. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून आहे, पण ते एकांकिकांचं काम, भरतनाट्यमंदिराचं गंभीर प्रकरण. आपल्या विषयाला जवळचा आहे तो १९७४ ला सुरू झालेला फिरोदिया करंडक. त्यात एका गोष्टीच्या दोऱ्यात गाणं, वादन, नाच, चित्र, नक्कल, असतील नसतील त्या सगळ्या कला ओवायच्या आणि लेखन विद्यार्थ्यांचंच हवं. १९७४ म्हटलं की आपल्याला वरळी आठवते. त्याच वर्षी जानेवारीत वरळीची दंगल पेटली होती, पँथर रस्त्यावर होती. या दोन गोष्टींचा एकमेकीशी काही संबंध नाही. पण तारखा शेजारी मांडून पाहायची मला सवय आहे, त्याला इलाज नाही.

फिरोदियाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरं आहे. मी गेलो तो नाकं मुरडायला. पाहिलं तर एक पोरगं बोलता बोलता पाठीमागच्या कागदावर चित्र काढतंय आणि संवाद संपतो त्याच क्षणी चित्र उलटं फिरवलं की त्यात दुसराच चेहरा दिसतो. दुसरं एक पोरगं पत्र्याच्या डब्यावर असा ठेका धरतं की मला गिरणीतल्या पट्ट्याची आठवण झाली. पट्टा सैल झाला की असाच आवाज येतो. वीस-एकवीस वर्षांची ही पोरं दोन दोन महिने रात्री जागून हे बसवतात. हात, गळा, पाय एका वेळी कामाला लावतात. आपल्यातल्या ज्या कवींना वाटतं की कविता म्हणजे माइकसमोर उभं राहून कागद थरथरवणं, त्यांनी हे एकदा पाहावंच. मीही त्यातलाच.

पण पाहता पाहता मनात आलं, हे आपण कुठंतरी पाहिलंय. एकाच माणसानं गायचं, वाजवायचं, सोंग काढायचं, प्रेक्षकाशी थेट बोलायचं, गोष्ट मध्येच सोडून चालू जमान्यावर टोला हाणायचा आणि परत गोष्टीत शिरायचं. अरे, हा तर तमाशाचा फड! पुण्यात ज्याला बहुकला म्हणतात ते आपल्या बापजाद्यांनी पोटासाठी केलं. ढोलकीवाला सोंगाड्याही होता आणि पहाटे गाड्या भरणारा हमालही तोच होता. आपल्या खान्देशात रात्रभर डफावर वही गायची ती मंडळं काय वेगळं करत होती? फरक एवढाच की त्यांना करंडक कुणी दिला नाही. सुपात जोंधळे टाकले. नाचणारा तो नाच्या, खालच्या जातीचा, बिघडलेला. तेच काम इंजिनिअरिंगच्या पोरानं केलं की तो अष्टपैलू. त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही की तुम्ही ज्या पाटावर बसलात तो कुणाच्या घरचा आहे.

आता नियमांकडे येतो. साहित्य-समीक्षेत नियमांवर कुणी लिहीत नाही. मी कामगार माणूस, मला नियमच आधी दिसतात. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवाचे जे नियम सगळीकडे चालतात, त्यात स्किटला सहा माणसं आणि दहा मिनिटं. ठीक आहे, दहा मिनिटांत जग जाळता येतं. पण पुढची अट अशी की अश्लीलता नको, कडवट टोमणे नकोत, फक्त निरागस उपहास आणि विनोद अपेक्षित आहे. निरागस उपहास! हे दोन शब्द मी वहीत लिहून घेतले आणि तिसऱ्या पाळीत रात्रभर घोळवले. उपहास निरागस कसा असतो? दाताशिवाय चावा असतो का? ज्याला कशाची झळ लागली नाही त्याचाच उपहास निरागस राहू शकतो. ज्याच्या आजीला पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, त्याच्या नातवानं हसायला तोंड उघडलं की कडू येणारच. म्हणजे ही अट वरवर सगळ्यांना सारखी दिसते, पण ती वस्तीतल्या पोराला जेवढी पडते तेवढी बंगल्यातल्या पोराला पडत नाही.

आणि हे नुसतं पुस्तकातलं राहत नाही. मध्यंतरी फिरोदिया करंडकाच्या नियमावलीत काश्मीर, राममंदिर, हिंदू-मुस्लिम, जात-धर्म असे विषय नकोत अशी अट आली होती. टीका झाली आणि अट मागे घेतली गेली. मागे घेतली हे बरं झालं, ते मोकळेपणानं म्हणतो. पण अट कागदावरून गेली म्हणजे डोक्यातून जाते का? पुढच्या वर्षी लिहायला बसलेलं पोरगं आपलं आपणच ठरवतं की कशाला भानगड, त्यापेक्षा मोबाइलच्या व्यसनावर करू, आईवडिलांच्या अपेक्षांवर करू. मग २ फेब्रुवारी २०२४ ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतीवर पोरांनी नाटक केलं, प्रयोग उधळला गेला, आणि अटक कुणाला झाली? विभागप्रमुखाला आणि पाच विद्यार्थ्यांना. हे तर आपलं कडू नाटक नव्हतं. नटांच्या गमतीचं होतं, म्हणजे नियमातल्या शब्दाप्रमाणे निरागसच. म्हणजे निरागस काय ते ठरवणारा तिसराच कुणीतरी आहे आणि तो परीक्षकांच्या टेबलावर बसलेला नाही.

गॅदरिंगमध्ये मी जे पाहिलं ते सांगतो. कॉलेजांची नावं लिहीत नाही, त्यांत फार फरकही नाही. चार ठिकाणी मिळून मी नऊ विडंबनं पाहिली. पाचांत दारुडा होता. चारांत पोरगा साडी नेसून आला आणि नुसता आला एवढ्यावर हशा झाला. तीनांत तृतीयपंथी, टाळ्या वाजवून पैसे मागणारा. आणि सहांत एक नोकर, शिपाई किंवा खेड्यातून आलेला बाप, तो अहिराणी बोलतो. बाकी सगळे प्रमाण मराठी. नायक, नायिका, प्राचार्य, डॉक्टर, पोलीस सगळे शुद्ध. बाप तेवढा ‘काय शे भो’ म्हणतो आणि पोरं खुर्च्यांवरून पडतात. त्या पोरांच्या आया घरी हीच भाषा बोलतात! जिचं नाव विद्यापीठाला दिलं ती बाई सहीसुद्धा करत नव्हती, घरातल्या बोलीत ओव्या रचत होती. त्या बाईचं नाव कमानीवर आणि तिच्या मुलखातल्या बोली मंचावर हसण्यासाठी. यावर कुणीतरी स्किट लिहायला पाहिजे, पण ते निरागस होणार नाही.

एका ठिकाणी सवलतीवर विनोद झाला. दोन पोरं परीक्षेला बसलेली. एक रात्रंदिवस अभ्यास करतो, दुसरा झोपतो. झोपणारा पास होतो, कारण तो सरकारचा जावई. हॉल हसला. माझ्या पुढच्या रांगेत आपली दोन पोरं होती, मी त्यांना ओळखतो. तीही हसली. का हसली ते मला कळतं. सगळे हसत असताना जो हसत नाही तो ओळखू येतो. मी गिरणीत लागलो तेव्हा सहा महिने असाच हसत होतो. पण नाटकावाल्यांनी स्वतःच्या कारागिरीच्या दृष्टीनंही विचार करावा. तो विनोद वाईट लिहिलेला होता. झोपणाऱ्या पोराला एक वाक्य नव्हतं, नाव नव्हतं, घर नव्हतं. नुसतं पोतं. आणि पोत्यावर विनोद होत नसतो, विनोदाला माणूस लागतो. एका माणसाचा खोटा आणि दुसऱ्याचा नुसता आकार दाखवून हशा काढणं याला मी कलेतली चोरी म्हणतो.

आता आपल्या बाजूला येऊ. विद्यार्थ्यानं स्वतः लिहायची परंपरा आपल्याकडे त्यांच्याइतकीच जुनी आहे. मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती, फुल्यांच्या शाळेत शिकत होती, आणि तिचा निबंध १८५५ ला ज्ञानोदयात छापून आला. तिच्यापुढं निरागस उपहासाची अट कुणी ठेवली नव्हती. मग सत्यशोधकांचे जलसे. त्यांनी तमाशाचाच साचा उचलला आणि आत दुसरा माल भरला. गण आहे पण देवाला साकडं नाही. गोष्ट आहे पण ती सावकाराची, भटजीची, फसलेल्या कुणब्याची. पुढं १९३१ पासून भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा. तो आपल्या शेजारच्या नाशिक भागातला, काळाराम सत्याग्रहाच्या धगीतला. गावोगाव पायी, बैलगाडीनं जाऊन, कंदिलाच्या उजेडात, मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला हे गाऊन, हसवून, भांडून सांगायचं. बाबासाहेबांनी जलशाबद्दल काढलेले उद्गार आपल्या पोरांना पाठ आहेत, इथं पुन्हा लिहून जागा घालवत नाही. मुद्दा असा की जलसा हा पक्का रंगमंचीय प्रकार आहे. त्यात गाणं, सवालजवाब, सोंग, चालू घडामोड सगळं आहे. केंब्रिजच्या पोरांना जे सापडलं ते आपल्या माणसांनी कंदिलाखाली आपलं आपण केलं. फक्त त्यांच्या हसण्यानं खुर्चीला ओरखडा पडला नाही आणि आपल्या हसण्यानं गावकी हादरली, बलुतं तुटलं, बहिष्कार पडले.

आणि कॉलेजच्या गॅदरिंगबद्दलच बोलायचं तर औरंगाबादचं मिलिंद आहे. तिथं १९५५ ला प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ विद्यार्थ्यांनी केलं, पाहायला बाबासाहेब स्वतः. पुढच्या वर्षी नागपूरला दीक्षेच्या वेळी ते लाखोंसमोर झालं. लिहिलं प्राचार्यांनी, पोरांनी नाही, हे मान्य. पण ज्यांच्या घरात पहिल्यांदा पाटी आली ती पोरं रंग लावून उभी राहिली. गॅदरिंग या भिकार शब्दाची एवढी मोठी किंमत दुसऱ्या कुणी केली नसेल. नंतर प्रेमानंद गज्वींचं ‘घोटभर पाणी’ आलं. दोन माणसं, नेपथ्य जवळजवळ नाही, आणि ते स्पर्धांतूनच गावोगाव गेलं. म्हणून स्पर्धेला सरसकट शिव्या घालणाऱ्यांच्या बाजूला मी जात नाही. आणि जो जलसा विद्यापीठाच्या भिंतीबाहेर पडला त्याचं काय होतं तेही पाहा. २००२ नंतर पुण्यात विद्यार्थी-कामगारांनी कबीर कला मंच उभा केला, २०११ पासून त्यातल्या कलावंतांना तुरुंग पाहावा लागला. करंडक आणि कोठडी या दोन टोकांमध्ये आपल्या पोरांनी उभं कुठं राहायचं, हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर माझ्या खिशात नाही.

तर मी स्किट लिहिलं. विषय घेतला जात पडताळणीचा. एक पोरगी शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन खिडकी खिडकी फिरते. प्रत्येक खिडकीतला बाबू वेगळ्या चालीत एकच गोष्ट गातो, कागद अपुरा आहे. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आण. ही तारीख तुम्हाला सांगायला नको, आपल्यापैकी कुणाच्या घरात ती ऐकली नाही? शेवटी पोरीचा मेलेला आजा पुरावा द्यायला स्वतःच खिडकीशी येतो. बाबू विचारतो, त्या दिवशी तुम्ही कुठं होता? आजा म्हणतो, ‘मी मरेल म्हैस वढी र्‍हायनू व्हतू भाऊ, पावती लेवानी र्‍हाई गयी.’ बाबू म्हणतो, पावती नाही तर म्हैस आणा. मग आजा म्हैस आणायला जातो, सहावा नट म्हैस होतो, आणि म्हैस खिडकीवर सही करते. तिचा कागद चालतो, माणसाचा चालत नाही.

तालमी वस्तीतल्या विहाराबाहेर झाल्या. कॉलेजनं संहिता मागितली. तिथल्या एका सरांनी दोन वाक्यं काढायला लावली आणि म्हशीचं प्रकरण घाण वाटतं म्हणाले. म्हैस ओढणं घाण वाटलं नाही, दाखवणं घाण वाटलं. पोरं चिडली. मी म्हटलं वाक्यं काढा, म्हैस ठेवा.

प्रयोग झाला आणि मी मागच्या दाराशी उभा राहून पाहिला. हशा झाला. भरपूर झाला. आणि तिथंच माझ्या पोटात गोळा आला, कारण हशा चुकीच्या जागी होत होता. बाबू गात होते तेव्हा हॉल गप्प. आजा आला, त्यानं तोंड उघडलं, पहिला अहिराणी शब्द निघाला आणि हॉल फुटला. म्हैस, पावती, १९५०, काही कुणाच्या कानात गेलं नाही. ते त्या खेडवळ बापालाच हसले, ज्याला दरवर्षी हसतात. मी त्यांना शिव्या देऊ शकतो, पण आजा मीच तसा लिहिला होता. वाकलेला, डोळे मिचकावणारा, धोतर सावरणारा. बाकी सगळी पात्रं मी प्रमाण मराठीत ठेवली, पोरगीसुद्धा! दुसऱ्यांच्या ज्या चुका मी वहीत टिपत होतो त्याच माझ्या कागदावर आल्या. साचा असा हाताला चिकटलेला असतो. परीक्षक नंतर म्हणाले की तांत्रिक बाजू बरी, आशय जरा प्रचारकी. मला वाटतं ते उलटं होतं. प्रचार कमीच पडला, सोंगानं तो गिळला.

एक गोष्ट मात्र जमली. दुसऱ्या खिडकीतला बाबू एका मुलीनं केला. धुण्याभांड्याचं काम करून शिकणारी मुलगी. ना मिशी लावली, ना आवाज जाड केला. नुसता पेन कानाला लावला आणि मान वर न करता गायली. ती मान वर करत नाही हे पाहून पहिल्या रांगेतला एक खराखुरा कारकून खुर्चीत चुळबुळला. त्या एका माणसाच्या चुळबुळीसाठी सगळा खटाटोप वसूल झाला असं मी समजतो. बाईनं पुरुषाचं काम करण्याबद्दल दोन शब्द बोलायलाच पाहिजेत. हार्वर्डच्या त्या खेळात २०१९ पर्यंत बायकांची कामं पुरुषच करायचे, त्याला ते परंपरा म्हणत. आपल्या जळगावात खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, त्यांच्या स्त्रीभूमिकांना लोक हात जोडत. आणि तमाशात आपल्या जातीचं पोर लुगडं नेसलं की तो नाच्या. साडी एकच असते, अंगावर कुणाच्या आहे त्यावर तिची किंमत. आज गॅदरिंगमध्ये साडी नेसून हशा काढणारी आपली पोरं कुणाची परंपरा चालवताहेत याचा त्यांनी विचार करावा. मुली समूहनृत्यात आणि रांगोळीत, आणि बोलायची कामं पोरांची, हे आपल्या मंडळांतही चालतं. आपल्या मंडळांत जास्तच चालतं.

धुळ्याचा एक मित्र, चळवळीतला, माझ्यावर चिडला. म्हणाला, त्यांच्या मांडवात जातोसच कशाला? ते दहा मिनिटं देणार, सहा माणसं देणार, वाक्यं कापणार, वर उत्तेजनार्थ प्रमाणपत्र देणार. आपला मांडव आपण घालू. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. पण आपला मांडव कुठं आहे ते तरी दाखव म्हटलं. चौदा एप्रिलला वस्तीत काय असतं? डीजे. छाती हलवणारा आवाज आणि सिनेमाच्या चालीवर बसवलेली गाणी, ज्यांत बाबासाहेबांचं नाव सोडलं तर लग्नात वाजवली तरी चालतील. शाहीर म्हातारे झाले, पेटी भाड्यानं आणावी लागते. जलसा बंद कुणी पाडला? सरकारनं नाही, सदाशिवपेठेनं नाही. वर्गणीचे पैसे आपणच डीजेवाल्याला मोजले. हे लिहिल्यावर काही दोस्त बोलायचे थांबतील. थांबू देत, पाळीला जायला उशीर होणार नाही.

आणि कॉलेज सोडून द्यायचं म्हणणाऱ्यांना एक विचारतो. हॉलमध्ये पुढच्या रांगेत जी आपली दोन पोरं त्या जावयाच्या विनोदावर हसली, त्यांच्यापर्यंत आपला मांडव पोचतो का? ती विहारात येत नाहीत, मोर्चात येत नाहीत, आडनाव अर्धं सांगतात. ती फक्त तिथंच भेटतात. त्या हॉलमध्ये एक जरी हशा असा झाला की त्यांना खोटं हसावं लागलं नाही, तर तेवढंच मला पुरे आहे. जळगावची खान्देश मिल होती तेव्हा कामगाराच्या पोराला हसायला गेटबाहेरची जागा तरी होती. आज तिथं बाजारपेठेची इमारत उभी आहे. जागा आपोआप राहत नसतात.

दुसरा खर्डा चालू आहे. या खेपेला सगळी पात्रं अहिराणी बोलणार, बाबू, डॉक्टर, प्राचार्यसुद्धा. प्रमाण मराठी फक्त म्हैस बोलेल. आजा ताठ उभा राहील आणि विनोद एकही करणार नाही, त्याच्याभोवती सगळे करतील. आजाचं काम त्याच मुलीनं करावं असं मी म्हणतोय, पोरं अजून तयार नाहीत. कॉलेजला दहा मिनिटांचं द्यायचं आणि तेच वाढवून गण आणि सवालजवाब घालून पाऊण तासाचं करायचं, ते ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथं आपले लोक दरसाल जमतात तिथं, पावसात का होईना, करायचं. पेटीवाला मिळालाय, ढोलकीवाला नाही. कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. तालीम गुरुवारी, माझी सुट्टी गुरुवारची असते. गण अजून लिहून झालेला नाही, दोन ओळी झाल्यात आणि त्यातली एक मला पटत नाही.